यंत्र नेमके कुठे अडले, हे आधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तंत्रज्ञानाच्या सदरात एका वाचक भगिनीचा प्रश्न होता. त्यांच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही सिस्टिम आहे. शटडाउन दिले की पडदा काळा होतो, पण पंखा फिरतच राहतो, दिवा जळतच राहतो. रीस्टार्ट दिले तर मात्र सगळे सुरळीत होते, असेही त्यांनी लिहिले होते. त्यावर सदरात दोन ओळींचे उत्तर आले : पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरा, आणि वारंवार होत असेल तर सिस्टिम नव्याने टाकून घ्या.

हे उत्तर वाचून मी अस्वस्थ झालो, म्हणून हे पत्र. याच दुखण्यात मी जवळजवळ चार महिने घालवले आहेत. मला प्रोग्रामिंग येत नाही. माझी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली, एकतीस वर्षे, त्यातली बहुतेक फॉल्ट शोधण्यात गेली. ‘फोन डेड आहे’ अशी तक्रार आली की आम्ही कधीही थेट ग्राहकाचे यंत्र बदलायला धावत नसू. आधी एमडीएफवर, म्हणजे बाहेरच्या लाइन एक्स्चेंजला जोडणाऱ्या चौकटीवर, लाइन मोकळी करायची आणि आतल्या बाजूला टोन येतो का ते ऐकायचे. टोन आला तर एक्स्चेंज सुटले, दोष बाहेर. मग पिलर (रस्त्यावरची केबलची पेटी), मग डीपी (घरांजवळची जोडणीची पेटी), मग घर. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न : दोष माझ्या पुढे आहे की मागे? बटण दाबून धरा, हा सल्ला म्हणजे दोष कुठे आहे ते न बघताच तक्रार निकालात काढणे. वाचक भगिनीने रीस्टार्टबद्दलचे ते वाक्य लिहून निम्मी लाइन स्वतःच तपासून दिली होती. उत्तर देणाऱ्याने तिकडे पाहिलेच नाही.

माझा लॅपटॉप नातीकडून आलेला. त्यात दोन ग्राफिक्स चिप आहेत. एक प्रोसेसरच्या आतच असते, साध्या कामाची; दुसरी वेगळी, ताकदीची, जास्त वीज खाणारी. मी त्यावर लिनक्स घातले आणि दुसऱ्याच दिवशी शटडाउन अडले. पडदा काळा, पंखा चालू. बटण दाबून धरले, बंद झाला. चार दिवसांनी पुन्हा तेच. एकदा बंद झाला असे समजून पिशवीत ठेवला, तर सकाळी हाताला चटका बसेल इतका तापलेला आणि बॅटरी रिकामी. एका जाणकाराने मदरबोर्ड गेला असे सांगितले. मी त्यांना विचारले, कशावरून? त्यांच्याकडे उत्तर नव्हते. मग मी वही घातली.

वहीत दर वेळी लिहायचे ते एवढेच : तारीख, शटडाउन की रीस्टार्ट, चार्जर लावलेला की नाही, बाहेरचा मॉनिटर जोडलेला की नाही, आणि अडले की नाही. पहिले निरीक्षण पहिल्याच आठवड्यात मिळाले. माझ्याकडे रीस्टार्टही अडत होते. याचा अर्थ कळायला मला वेळ लागला, पण तोच सगळ्यात मोलाचा धागा होता, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

संगणक बंद होतो म्हणजे एका फटक्यात वीज जात नाही. आधी सिस्टिमडी हा व्यवस्थापक चालू असलेल्या कार्यक्रमांना आवरते घ्यायला सांगतो. एखादा ऐकत नसेल तर साधारणपणे ९० सेकंद थांबतो आणि मग त्याला सक्तीने संपवतो. त्यानंतर डिस्कवरच्या फाइल सिस्टिम उतरवल्या जातात, म्हणजे लिहायचे ते लिहून डिस्क मिटली जाते, आणि सूत्रे कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, हाती येतात. कर्नल एकेका उपकरणाच्या ड्रायव्हरला, म्हणजे ते उपकरण चालवणाऱ्या कार्यक्रमाला, सांगतो, तुझे उपकरण नीट बंद कर. सगळ्यांचे झाले की अगदी शेवटचा टप्पा. शटडाउन असेल तर एसीपीआयच्या (वीज सांभाळण्याच्या ठरलेल्या नियमांच्या) मार्गाने फर्मवेअरला, म्हणजे निर्मात्याने यंत्रातच घालून दिलेल्या मूळ कार्यक्रमाला, ‘वीज काढ’ असा आदेश जातो, रीस्टार्ट असेल तर ‘पुन्हा सुरू हो’ असा. म्हणजे शेवटची पायरी सोडली तर दोन्ही वाटा एकच आहेत. माझ्याकडे दोन्ही अडत होते, तेव्हा शेवटच्या पायरीवर संशय घेण्याचे कारण नव्हते. दोष त्या आधीच्या सामाईक वाटेवर होता. वाचक भगिनीचे नेमके उलटे आहे. त्याकडे शेवटी येतो.

आता मी कुठे चुकलो तेही लिहितो, कारण तिथे इतरही चुकतात. काळा पडदा काळा असतो याचे कारण कर्नलला गप्प राहायला सांगितलेले असते. सुरू होताना ग्रबच्या (कोणती सिस्टिम सुरू करायची ते विचारणाऱ्या छोट्या कार्यक्रमाच्या) यादीत ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीतले, म्हणजे कर्नलला सूचना देणाऱ्या ओळीतले, ‘क्वायट’ आणि ‘स्प्लॅश’ हे शब्द त्या एका वेळेपुरते काढले, तर शटडाउनच्या वेळी काय काय चालले आहे ते पडद्यावर दिसते. मी ते काढले, आणि मला ‘वॉचडॉग थांबला नाही’ असा संदेश दिसला. वॉचडॉग म्हणजे यंत्र गोठले तर ते पुन्हा सुरू करणारा पहारेकरी. हाच चोर, असे ठरवून मी चार दिवस वॉचडॉगच्या मागे होतो. तो संदेश बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. नीट बंद होणाऱ्या यंत्रांवरही तो येतो, फक्त तिथे कुणी बघत नाही. पडद्यावरचा शेवटचा संदेश म्हणजे गुन्हेगाराचे नाव, असे धरून चालता येत नाही. तो फक्त शेवटचा बोललेला असतो. अडलेला बहुधा त्याच्यानंतरचा, आणि तो काही न बोलताच अडलेला असतो.

नोंदी तपासाव्यात म्हटले तर तिथेही हीच अडचण. मागच्या वेळच्या नोंदी जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, बघता येतात, मी बघितल्या. त्या ‘जर्नल थांबले’ या ओळीपाशी संपत होत्या. साहजिकच आहे. नोंद ठेवणारा कारकून कर्नलच्या कामाच्या आधीच घरी गेलेला असतो आणि लिहायची वहीही, म्हणजे डिस्क, मिटलेली असते. खरे नाट्य त्याच्यानंतर घडते. कित्येक जण नोंदींत काही सापडले नाही म्हणून हार्डवेअरवर शिक्का मारून मोकळे होतात, ते इथेच.

मग मी लाइन अर्ध्यावर तोडायची ठरवली. कर्नलच्या ओळीत ‘नोमोडसेट’ हा एक शब्द घातला की कर्नलमधले ग्राफिक्सचे ड्रायव्हर कामाला लागतच नाहीत. पडदा फर्मवेअरने लावून दिलेल्या साध्या पद्धतीवर चालतो. २००९ साली २.६.२९ या आवृत्तीपासून पडद्याची मांडणी ठरवण्याचे काम कर्नलमध्ये आले, त्याला वळसा घालण्याची ही वाट. असे करून मी दहा वेळा शटडाउन दिले. दहाही वेळा यंत्र निमूट बंद झाले. पिलरपर्यंत लाइन स्वच्छ आहे हे कळल्यावर जो आनंद व्हायचा, तोच त्या दिवशी झाला. मदरबोर्ड सुटला, डिस्क सुटली, वीजपुरवठा सुटला. संशय ग्राफिक्सवर येऊन थांबला.

दोन चिपपैकी कोणती, हे सांगणारी युक्ती मला कर्नलच्या कागदपत्रांत सापडली, आणि ती मराठीत कुठे वाचायला मिळाली नाही म्हणून मुद्दाम लिहितो. कर्नलच्या ओळीत ‘इनिटकॉल अंडरस्कोर डीबग’ असे एक शब्द म्हणून घालायचे आणि सोबत ‘इग्नोर अंडरस्कोर लॉगलेव्हल’. हे नाव सुरू होण्याशी संबंधित वाटते, पण त्याचा बंद होतानाही उपयोग आहे. कर्नल प्रत्येक उपकरणाला बंद करण्याआधी त्याचे नाव आणि पत्ता पडद्यावर छापतो. आधी छापतो, मग बंद करतो. त्यामुळे इथे शेवटच्या ओळीतला पत्ता म्हणजे ज्याच्यापाशी अडले तोच. मी मोबाइलवर पडद्याचे चित्रीकरण करत शटडाउन दिले. ओळी सरसर गेल्या आणि एका पत्त्यावर थांबल्या : ०१:००.०. पीसीआय उपकरणांची, म्हणजे यंत्राच्या आत त्या नावाच्या मार्गाने जोडलेल्या भागांची, यादी काढली. हा पत्ता त्या दुसऱ्या, ताकदीच्या चिपचा होता. तीन वेळा केले, तिन्ही वेळा तीच ओळ.

आणि वही? वहीने तोपर्यंत एक विचित्र गोष्ट दाखवली होती. बाहेरचा मॉनिटर जोडलेला असताना यंत्र एकदाही अडले नव्हते. मला उलटे अपेक्षित होते. जास्त काम, जास्त भार, तर जास्त अडचण. पण माझ्या लॅपटॉपमधले मॉनिटरचे भोक त्या दुसऱ्या चिपलाच जोडलेले आहे. मॉनिटर जोडला की ती चिप जागी राहते. काढला की काही सेकंदांनी ड्रायव्हर तिला झोपवतो, वीज वाचावी म्हणून. मग शटडाउन दिले की कर्नल काय करतो? पीसीआय उपकरण झोपलेले असेल तर बंद करण्याआधी त्याला उठवतो. नियम तसाच आहे. झोपलेल्या उपकरणाची स्थिती कळत नाही, म्हणून आधी जागे करून मग रीतसर बंद करायचे. माझी चिप त्या उठवण्यातच अडकत होती.

हे नुसते माझे अनुमान राहू नये म्हणून पडताळून पाहिले. प्रत्येक पीसीआय उपकरण जागे आहे की झोपले आहे हे सांगणारी एक छोटी फाइल कर्नल दाखवतो. तिच्यात ‘अ‍ॅक्टिव्ह’ किंवा ‘सस्पेंडेड’ असा शब्द असतो. शटडाउनच्या आधी ती वाचायची आणि वहीत लिहायचे. बारा वेळा केले. सहा वेळा मॉनिटर जोडून, ‘अ‍ॅक्टिव्ह’ : सहाही वेळा बंद झाले. सहा वेळा मॉनिटरशिवाय : पाच वेळा अडले. उरलेल्या एका वेळी मी केबल ओढून लगेच शटडाउन दिले होते आणि फाइलमध्ये अजून ‘अ‍ॅक्टिव्ह’च होते. चिपला झोपायला वेळच मिळाला नव्हता. त्या एका अपवादाने माझी खात्री जितकी पटली तितकी बाकीच्या अकरांनी पटली नसेल.

चिप उठत का नव्हती, हे मला समजले तितके सांगतो. लॅपटॉपमध्ये चिपची वीज लावणे-काढणे हे ड्रायव्हर एकटा करत नाही. निर्मात्याने फर्मवेअरमध्ये लिहून ठेवलेला एसीपीआयचा छोटा कार्यक्रम ते करतो. कर्नल तो जसाच्या तसा चालवतो. त्या कार्यक्रमात ‘चिपचे उत्तर येईपर्यंत थांब’ असे असेल आणि उत्तर आलेच नाही, तर कर्नलही थांबून राहतो. आणखी एक गोष्ट मला फार लक्षात राहिली. फर्मवेअर सिस्टिमला विचारते की तू अमुक आवृत्तीची विंडोज आहेस का, आणि लिनक्स ‘हो’ म्हणते, कारण बहुतेक फर्मवेअरची चाचणी विंडोजवरच झालेली असते. कर्नलच्या ओळीत हे उत्तर बदलता येते. मी ते जुन्या विंडोजचे करून पाहिले. अडणे थांबले, पण टचपॅड मुके झाले. तो रस्ता सोडला.

तात्पुरता इलाज साधा निघाला. कर्नलच्या ओळीत त्या ग्राफिक्स ड्रायव्हरचे नाव, टिंब, आणि पुढे ‘रनपीएम=०’. म्हणजे या चिपला झोपवूच नका. शटडाउन सुरळीत झाले. मात्र बॅटरी सुमारे चार तास टिकायची ती अडीच तासांवर आली आणि लॅपटॉप कायम कोमट राहू लागला. हा इलाज सांगणाऱ्याने ही किंमतही सांगायला हवी, ती क्वचितच सांगितली जाते.

पुढे दोन जुने कर्नल लावून पाहिले, ग्रबमध्ये ते बहुधा शिल्लक असतातच. दोन्हींवर अडले. म्हणजे नव्या कर्नलने काही बिघडवले नव्हते. ज्यांच्याकडे जुन्यावर चालते आणि नव्यावर अडते त्यांची गोष्ट वेगळी. कर्नलची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि तिच्यात दहा हजारांहून अधिक बदल असतात. तरी मध्यावरची अवस्था तपासत गेले तर चौदा-पंधरा फेऱ्यांत नेमका दोषी बदल हाती लागतो. त्यासाठी ‘गिट बायसेक्ट’ नावाचे साधन आहे. हे वाचले तेव्हा मला आमची केबल आठवली. तीही मध्यावर तपासत जायची; सगळा मार्ग उकरत कुणी बसत नसे.

शेवटी निर्मात्याने दिलेले फर्मवेअर नवे केले. त्याच्या माहितीपत्रकात शटडाउनचा उल्लेखसुद्धा नव्हता. ‘रनपीएम’चा शब्द काढून टाकला आणि पुन्हा वही उघडली. त्यानंतर एकतीस वेळा बंद केले, एकदाही अडले नाही.

आता बटणाबद्दल. बटण चार सेकंदांहून अधिक दाबून धरले की सिस्टिम काहीही करत असो, हार्डवेअर वीज काढते; ती सोय शेवटचा उपाय म्हणूनच ठेवलेली आहे. त्याने दर वेळी माहिती नष्ट होते असेही नाही. फाइल सिस्टिम उतरल्यावर अडले असेल तर तुमच्या फाइली सुरक्षित असतात. त्याआधी अडले असेल तर ती खात्री नसते. म्हणजे इथेही प्रश्न तोच, कुठे अडले? एनव्हीएमई प्रकारची वेगवान डिस्क ‘अनसेफ शटडाउन्स’ नावाचा एक आकडा स्वतःच्या पोटात जपते. आपल्याला रीतसर निरोप न देता किती वेळा वीज गेली, त्याची मोजणी. मी वही घातली त्या दिवशी तो ६१ होता. फर्मवेअर बदलले त्या दिवशी ८४. फरक तेवीसचा. वहीतल्या अडण्याच्या नोंदी मोजल्या, त्याही तेवीस. म्हणजे दर वेळी डिस्कच्या ड्रायव्हरची पाळी येण्याआधीच ती चिप वाट अडवत होती. आकडा आजही ८४ आहे.

बटणाआधी आणखी एक गोष्ट करून बघण्यासारखी आहे. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून धरून क्रमाने एस, यू आणि ओ. एस म्हणजे डिस्कवर लिहायचे राहिलेले लिहून टाक, यू म्हणजे डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेव, ओ म्हणजे वीज काढ. कर्नलला थोडी जरी शुद्ध असेल तर तो हे ऐकतो. काही लॅपटॉपवर सोबत एफएन ही कळ लागते. लिनक्सच्या काही वितरणांत, म्हणजे तयार संचांत, यातली मोजकीच अक्षरे चालू ठेवलेली असतात. उबंटू या वितरणात त्यासाठीचा आकडा १७६ असतो, त्यात ही तिन्ही बसतात. आणि कॅप्स लॉकच्या दिव्याकडे बघावे. दाबल्यावर लागतो-विझतो, तर कर्नल अजून ऐकतो आहे. अनेक लॅपटॉपवर कर्नल पूर्ण कोसळला की तो दिवा आपोआप लुकलुकू लागतो.

विंडोज वापरणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट, कारण सदरात त्यांनाही ‘बंद करून चालू करा’ असे सांगितले जाते. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आली. ती चालू असेल तर शटडाउनमध्ये कर्नल आणि ड्रायव्हर पूर्ण संपवले जात नाहीत. त्यांची अवस्था डिस्कवर साठवून पुढच्या वेळी परत आणली जाते. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बिघडलेल्या अवस्थेत असेल तर तीच अवस्था परत येऊ शकते. रीस्टार्टमध्ये मात्र सगळे नव्याने सुरू होते. शिफ्ट दाबून शटडाउन दिले तरी पूर्ण बंद होते.

संपादक महोदय, माझी मागणी मोठी नाही. सदर लिहिणाऱ्यांनी उत्तराआधी वाचकाला चार प्रश्न छापून विचारावेत, आणि दुसऱ्या आठवड्यात उत्तर द्यावे. उशीर झालेला चालेल. सिस्टिम नव्याने टाकून माझ्या लॅपटॉपमधला दोष कधीच गेला नसता. तो सिस्टिममध्ये नव्हताच. नव्याने टाकण्यात एखाद्याचे वर्षभराचे काम मात्र गेले असते.

आता वाचक भगिनीसाठी. तुमचे रीस्टार्ट नीट होते, म्हणजे सगळी उपकरणे, ग्राफिक्ससह, आपापले काम आटोपत असणार. तुमचा दोष शेवटच्या पायरीवर, वीज काढण्याच्या आदेशापाशी असण्याची शक्यता जास्त. कृपया दोन गोष्टी करून पाहा. ‘क्वायट’ आणि ‘स्प्लॅश’ काढून शटडाउन द्या, आणि शेवटी ‘पॉवर डाउन’ अशी ओळ येते का बघा. ती आली तर कर्नलने आपले काम संपवून आदेश दिलेला आहे. मग यंत्र चालू करून ग्रबच्या यादीपाशी थांबा, ‘सी’ दाबा आणि ‘हॉल्ट’ टाइप करून एंटर दाबा. त्या वेळी लिनक्स सुरूही झालेले नसते. तिथून यंत्र बंद झाले तर वीज काढण्याची वाट शाबूत आहे आणि दोष लिनक्सच्या बाजूला शोधावा लागेल. तिथेही पंखा फिरतच राहिला तर सिस्टिम नव्याने टाकण्याच्या भानगडीत पडू नका. यूएसबीला जोडलेले सगळे काढून एकदा तेच करा, आणि निर्मात्याचे नवे फर्मवेअर आले आहे का ते पाहा.

दोन्हींचे जे उत्तर येईल ते कृपया याच सदराकडे कळवा. संपादकांना विनंती की ते छापावे. मी वाट बघतो आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त टेलिफोन तंत्रज्ञ